‘परिमिती’ हा शब्द टाळू नका

वाचकाचं पत्र

मी 26 वर्षांचा आहे. दीड वर्षापासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक आहे. पाचवीचा वर्ग, पटावर 28 मुलं. लहानपणापासून तोतरं बोलतो. शब्दाच्या सुरुवातीला प, ब, क आलं की अडकतो. हजेरीत प्रज्ञाचं नाव (नाव बदललं आहे) जवळ आलं की घाम फुटतो, म्हणून महिनाभर हजेरी वर्गनायकाकडून घेतो आहे. गणितात ‘परिमिती’ म्हणायचं टाळून ‘कडेची लांबी’ म्हणतो. बोलतो कमी, फळ्यावर लिहितो जास्त. गेल्या आठवड्यात एका मुलाने माझी नक्कल केली आणि वर्ग हसला. एक पालक मुख्याध्यापकांना म्हणाले, सरांचं ऐकून पोरं तोतरी होतील. तीन महिन्यांनी केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत मला दहा मिनिटं बोलायचं आहे. कोणी वेखंड उगाळून चाटायला सांगतं, कोणी तोंडात गोटी ठेवून वाचायला. सगळे म्हणतात, कमतरतेलाच ताकद बनव. म्हणजे नेमकं करायचं काय?
– एक शिक्षणसेवक

उत्तर

सर, नमस्कार.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तोतरेपणा ही ताकद नाही. तो त्रास आहे आणि तुम्ही तो वीस-बावीस वर्षं सोसला आहे. पण त्या त्रासामुळे तुमच्या हाताला काही सवयी लागल्या आहेत: थांबणं, मोजकं बोलणं, फळा नीट वापरणं, मुलांना बोलू देणं. डी.एड., बी.एड. झालेल्या चांगल्या बोलक्या शिक्षकांनाही या गोष्टी मुद्दाम शिकवाव्या लागतात. तुमच्या बाबतीत अडचण एवढीच आहे की आज तुम्ही त्या लपण्यासाठी वापरता. लपण्यासाठी केलेलं फळालेखन मुलांच्या फायद्याचं होतंच असं नाही. म्हणून दिवसभरात प्रत्येक सवयीला एक प्रश्न विचारा: हे मी मुलांसाठी करतोय, की तो शब्द तोंडात येऊ नये म्हणून?

‘परिमिती’चंच बघा. ‘कडेची लांबी’ हा अर्थ सांगायला छान शब्द आहे आणि सुरुवात त्याने करायलाच हवी. पण तुम्ही तिथेच थांबलात तर चाचणीत ‘आयताची परिमिती काढा’ असं आलं की येणारं गणितही पोरांचं चुकणार. तुमचा एक शब्द चुकवण्याची किंमत 28 मुलं मोजणार. बाकी कुठे सवलत घ्या, पण पाठातला मूळ शब्द कितीही अडकला तरी तुमच्याच तोंडून यायला हवा.

गोटी आणि वेखंडाचं थोडक्यात सांगतो. तोंडात खडे ठेवून बोलणाऱ्या डेमॉस्थेनिस या प्राचीन ग्रीक वक्त्याची गोष्ट जगभर सांगतात, पण गोटी घशात अडकू शकते, ठेवू नका. वेखंडाने, अक्कलकाऱ्याने जीभ हुळहुळते, इतकंच. तुमच्या जिभेत दोष नाहीच. तीच जीभ कविता चालीवर म्हणताना कुठे अडकत नाही. बोलण्याच्या हालचालींची वेळ मेंदू जुळवतो, त्या जुळवणीत हा फरक असतो आणि तो बऱ्याचदा घराण्यातून येतो. भित्रेपणामुळे किंवा लाडामुळे तोतरेपणा होत नाही.

त्या पालकांनाही शांतपणे सांगता येईल. तोतरेपणा बहुतेक मुलांत दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. साधारण शंभरातली पाच मुलं त्यातून जातात, त्यातल्या बहुतेकांचा आपोआप जातो, आणि मोठ्या माणसांत शंभरात एखाद्याचा उरतो. पाचवीतल्या मुलाला तो शिक्षकांचं ऐकून लागत नाही. हे मुख्याध्यापकांनी सांगण्यापेक्षा तुम्ही स्वतः, पालकसभेत, अडखळत का होईना, सांगितलेलं चांगलं.

आता प्रज्ञाचं नाव.

‘प’ म्हणताना दोन्ही ओठ मिटतात, मागे थोडी हवा साठते, ओठ सुटतात आणि अक्षर बाहेर पडतं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत हे सगळं उरकतं. तुम्ही अडकता तेव्हा ओठ पकडीसारखे आवळले जातात आणि बऱ्याचदा घसाही त्याच वेळी बंद होतो. मग तुम्ही जोर लावता, आणि जोर लावला की पकड आणखी घट्ट होते. डोळे मिटणं, मान झटकणं, मांडीवर हात आपटणं, आधी ‘म्हणजे… आपलं… ते…’ म्हणणं, हे सगळं पहिल्या काही वेळा उपयोगी पडतं, म्हणून मेंदू ते धरून ठेवतो. पुढे उपयोग संपतो आणि सवय तेवढी राहते. ‘खोल श्वास घे आणि बोल’ या सल्ल्याचंही तसंच होतं: छाती हवेने गच्च भरून धरली की ती हवा अडवायला घसा अधिकच मिटतो.

जोर न लावता अडकायला शिकणं, हे तुमचं पहिलं काम. बिनचूक बोलणं हे ध्येय ठेवू नका. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये चार्ल्स व्हॅन रायपर नावाचे वाचाउपचार तज्ज्ञ होऊन गेले (1905–1994). ते स्वतः तोतरे होते. त्यांनी शिकवलेली तीन पायऱ्यांची पद्धत आजही थेरपिस्ट वापरतात. तिचा क्रम महत्त्वाचा आहे, तिसरी पायरी आधी करायला जाऊ नका.

पहिले दोन आठवडे काहीच सुधारू नका. रोज एका तासिकेतली दहा मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा, संध्याकाळी ऐका, आणि वहीत तीन रकाने भरा: शब्द कोणता, अडकलं कुठे (ओठ, जीभ की घसा), आणि मी काय केलं (शब्द बदलला, डोळे मिटले, ‘म्हणजे’ म्हटलं). ऐकायला जड जाईल. बहुतेकांना आपला आवाज ऐकवत नाही. पण दोन आठवड्यांत कळेल की अडकणं वाटेल तिथे होत नाही, ठरावीक दहा-पंधरा शब्दांवर आणि बहुधा वाक्याच्या सुरुवातीलाच होतं.

तिसऱ्या आठवड्यापासून पहिली पायरी. अडकलेला शब्द जसा येईल तसा पुरा करा. मग तीन सेकंद गप्प राहा. त्या तीन सेकंदांत ओठ कसे आवळले होते ते आठवा आणि ते सैल करा. मग तोच शब्द पुन्हा म्हणा, पहिलं अक्षर जरा लांबवून, ओठ फक्त टेकवून. इथे जवळजवळ सगळे एक चूक करतात: दुसऱ्या वेळी शब्द झटकन आणि स्वच्छ म्हणून टाकतात, चूक दुरुस्त केल्यासारखा. त्यात शिकण्यासारखं काही उरत नाही. दुसऱ्या वेळीही थोडं अडकलात तरी चालेल, जोर नको.

तीन आठवड्यांनी दुसरी पायरी. आता शब्द पुरा होण्याची वाट पाहू नका. अडकलात त्याच क्षणी ओठ आहेत तिथे राहू द्या. मागे फिरू नका, दुसरा शब्द शोधू नका. सेकंदभर ती पकड जाणवू द्या आणि पतंगाला ढील द्यावी तशी ती हळूहळू सोडा: ‘प्…प्प्रज्ञा.’ ऐकणाऱ्याला थोडं लांबलेलं अक्षर ऐकू येतं, बस. तिसरी पायरी त्यानंतर तीन आठवड्यांनी: समोर अवघड शब्द दिसला की तो आधीपासूनच सैल सुरू करायचा. प, ब, म असेल तर ओठ हलके टेकवून. त, ट असेल तर जिभेचं टोक हलकं लावून. क, ग असेल तर जिभेचं मूळ ढिलं ठेवून. शब्द आ, ए अशा स्वराने सुरू होत असेल तर किंचित श्वास बाहेर सोडत.

पहिल्या पायरीचा सराव अडकल्याशिवाय होतच नाही, हे लक्षात आलं का? म्हणजे इतके दिवस ज्या नावाला तुम्ही घाबरलात, ते आता तुमच्या कामाचं झालं. म्हणून तिसऱ्या आठवड्यात वर्गनायकाकडून हजेरी परत घ्या, पण एकदम सगळी नको. पाच नावं तुम्ही घ्या, बाकीची तो घेईल. चार सोपी आणि पाचवं प्रज्ञाचं. दर आठवड्याला पाच नावं वाढवा, सहा आठवड्यांत 28 पूर्ण होतात. मुलांच्या दृष्टीनेही हे बरं आहे. सरांनी सकाळी आपल्याकडे बघून आपलं नाव घेणं, याचं मोल त्या वयात फार असतं. ज्या मुलीच्या नावाशी सर रोज टाळाटाळ करतात, तिला ते कळतच नाही असं धरून चालू नका.

शाळेबाहेर रोज तीनदा मुद्दाम तोतरं बोला. एसटीत तिकीट काढताना ‘द-द-दोन फुल, एक हाफ’, दुकानात ‘ब-बिस्किटचा पुडा’. सोप्या शब्दावर, स्वतःच्या मर्जीने, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. ऐकायला विचित्र वाटतं, पण भीती कमी करायला याच्याइतकं कामाचं फार थोडं आहे. जे आपण स्वतः करून दाखवतो, ते लपवायची गरज राहत नाही.

आता ज्यासाठी हे उत्तर आम्ही इतकं लांबवलं, तो भाग. वर्गातली शांतता.

मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान-शिक्षणतज्ज्ञांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून एक साधी गोष्ट मोजली: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात? उत्तर आलं, सरासरी सुमारे एक सेकंद. मुलाचं बोलून झाल्यावर तर त्याहूनही कमी. 1974 मध्ये त्यांनी हे मांडलं आणि पुढचंही सांगितलं: शिक्षकांनी तीन सेकंद किंवा जास्त थांबायची सवय लावली की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणं आणि ‘माहीत नाही’ कमी होतं, मागे पडलेली मुलं बोलू लागतात, मुलं आपणहून प्रश्न विचारतात. ऐकायला सोपं आहे, पण प्रशिक्षणात शिक्षकांना हे फार जड जातं. तीन सेकंदांची शांतता त्यांना सहन होत नाही. काहीतरी बिघडलंय असं वाटून ते स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. शांततेत उभं राहणं तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. आता ते हेतूने करायचं.

समजा, फळ्यावर लिहिलंत: 1/3 मोठा की 1/4? म्हणा, ‘हात खाली. आधी वहीत लिहा.’ आणि मनात मोजा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. प्रत्येक आकडा साधारण सेकंदाचा होतो. मग ज्याने पहिल्यांदा मान वर केली त्याला सोडून दुसऱ्या कोणाला तरी विचारा. तो म्हणेल, ‘एक चतुर्थांश. चार मोठा आहे ना, सर.’ पाचवीत हे उत्तर हमखास येतं. आता दुसऱ्यांदा थांबा. ‘चूक’ नाही, ‘बरोबर’ नाही, चेहरा तसाच. पुन्हा एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. बहुतेक वेळा तोच मुलगा किंवा शेजारचा पुढे बोलतो, ‘पण भाकरीचे चार तुकडे केले तर तुकडा लहान होतो.’ तुम्ही झटकन बोलला असता तर ते वाक्य वर्गात आलंच नसतं. हा दुसरा थांबा पहिल्यापेक्षा मोलाचा आहे आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो.

यात बिघडतं कुठे तेही सांगतो. राजधानी कोणती, सात नव्वे किती, अशा पाठांतराच्या प्रश्नाला थांबून उपयोग नाही. थांबताना मध्येच प्रश्न पुन्हा म्हटला की मुलांचा विचार तुटतो. फार लांबवलं तर मागचा बाक खिडकीबाहेर बघू लागतो. आणि तुमच्यापुरतं महत्त्वाचं: तुमचं अडकणं आणि तुमचं थांबणं मुलांना वेगळं कळलं पाहिजे. त्याची खूण म्हणजे डोळे. अडकलात की नजर खाली जाते, ती जाऊ देऊ नका. दोन्ही वेळा नजर मुलांवर असली की मुलं गोंधळत नाहीत, आणि अडकण्याचं दडपणही कमी होतं.

फळ्याचं सोपं आहे. डावीकडचा एक तृतीयांश भाग आठवडाभर पुसू नका. तिथे त्या आठवड्याचे मूळ शब्द राहतील: परिमिती, क्षेत्रफळ, छेद, अंश. शब्द लिहा, स्वतः एकदा म्हणा, मग सगळ्या वर्गाबरोबर दोनदा म्हणा. सगळ्यांबरोबर म्हणताना तोतरी माणसं सहसा अडकत नाहीत. म्हणून परिपाठात प्रतिज्ञा तुमच्या तोंडून सरळ येते, कविता येते, पाढे येतात. ही सोय जरूर वापरा. मात्र समूहातली सहजता एकट्याने बोलताना टिकत नाही, त्यामुळे ती आधी नको: आधी एकट्याने, मग सगळ्यांबरोबर.

नक्कल करणाऱ्या मुलाचं आता. त्याला शिक्षा करू नका. पाचवीतला मुलगा जे कोडं कोणी उलगडून सांगत नाही, त्याची नक्कल करतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला उभं राहून सांगा: ‘मी बोलताना कधी कधी अडकतो. याला तोतरेपणा म्हणतात. शब्द मला माहीत असतो, तोंडातून यायला वेळ लागतो. तुम्ही माझ्यासाठी शब्द पुरा करू नका, थांबा. काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा.’ माफी नको, दुःखी आवाज नको. मुलं विचारतील, ‘दुखतं का, सर?’ ‘घरी पण होतं का?’ सरळ उत्तरं द्या. पाच मिनिटांत विषय संपतो आणि मुलं हिशेबाच्या वह्या उघडतात. नंतरही कोणी मुद्दाम चिडवलंच, तर एकट्याला बोलावून समज द्या, जशी दुसऱ्या कोणाला चिडवल्यावर दिली असती तशीच.

एक गोष्ट तुमच्याइतकी लवकर कोणालाच दिसणार नाही. मोठ्या शाळेत एखादं तरी तोतरं मूल असण्याची शक्यता बरीच असते, आणि मोठं होता होता ते लपायला शिकलेलं असतं. वाचनाची पाळी आली की पाणी प्यायला जाणारं, उत्तर येत असून ‘माहीत नाही’ म्हणणारं, नाव विचारल्यावर खोकणारं. इतर शिक्षक त्याला अबोल किंवा ढ समजतात. तुम्हाला ओळखू येईल. त्याला ‘सावकाश बोल’, ‘घाबरू नकोस’ म्हणू नका, त्याचं वाक्य पुरं करू नका. मोठ्याने वाचायला जोडीदार द्या, दोघं एकत्र वाचतील. उद्या कोणता प्रश्न विचारणार ते आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि एकट्यात विचारा, तुला वर्गात कसं बोललेलं चालेल. पालकांशी बोलून त्याला थेरपिस्टपर्यंत पोहोचवा.

शिक्षण परिषदेसाठी या तीन सेकंदांच्या थांब्याहून चांगला विषय शोधू नका. केंद्रप्रमुखांना आधीच सांगा, दहाऐवजी बारा मिनिटं लागतील. वेळेचा ताण हे अडकण्याचं मोठं कारण असतं, दोन मिनिटं जादा मिळाली की तो उतरतो. पहिलं वाक्य तोतरेपणाबद्दलचं, वर्गात सांगितलंत तसंच, दोन ओळींत. मग तुमच्या वर्गातल्या चार वह्या बाकांवर फिरू द्या, म्हणजे पहिल्या मिनिटाला सगळ्यांच्या नजरा तुमच्या ओठांवर नसतील. भाषण पाठ करू नका. पाठ केलेल्या भाषणात अडकलं की पुढचा धागाही सुटतो. चिठ्ठीवर फक्त पाच मुद्दे. एक प्रश्न शिक्षकांनाच विचारा आणि थांबा, त्यांनाही त्या शांततेचा अनुभव येऊ द्या.

हे सगळं एकट्याने करता येतं, पण थेरपिस्ट सोबत असेल तर चुका लवकर कळतात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेलाच वाचाउपचार तज्ज्ञ गाठा, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. ‘पंधरा दिवसांत तोतरेपणा कायमचा बंद’ असं लिहिलेल्या पाटीखाली पैसे भरू नका. तशा ठिकाणी एका लयीत, ठेका धरून बोलायला शिकवतात. तिथे असेपर्यंत जमतं, घरी आल्यावर काही आठवड्यांत सुटतं, आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. आमच्या या क्रमातही चढउतार होतील. चांगल्या आठवड्यानंतर एखादा सोमवार फार वाईट जाईल. अशा दिवशी नवीन पायरी नको, मागच्या पायरीवर या, आणि हजेरीतली पाच नावं मात्र त्या दिवशीही सोडू नका.

वही आजच आणा आणि तीन रकाने आखून ठेवा. रेकॉर्डिंगसाठी गणिताचा तास निवडा. ‘परिमिती’ त्या तासाला किती वेळा टाळली, तेही त्यात मोजा.